मुलीचं नाव: मला छोटं हवं, ह्यांना भारदस्त. बारसं तोंडावर आलंय

खानापूरची_लेक

नमस्कार मंडळी. मुलगी झाली आहे, आम्ही दोघीही सुखरूप आहोत. बारसं जवळ आलंय आणि नावावर आमचं दोघांचं एकमत होत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

घरची माहिती आधी देते, नाहीतर अडचण कळायची नाही. माझं माहेर खानापूर, घरात मराठी. सासर गोकाक. तेही मराठाच, पण घटप्रभेकडच्या बऱ्याच मराठा घरांप्रमाणे त्यांच्या घरात कानडी बोलतात. ह्यांना मराठी उत्तम येतं. आम्ही बेळगावात राहतो, एकमेकांशी मराठीत बोलतो, सासूबाईंशी माझं कानडी अजून अडखळतं. भाषेवरून घरात कधी तंटा झालेला नाही, आणि हाही मला भाषेचा वाटत नाही. आवडीच वेगळ्या आहेत.

मला ओवी, सई, जुई, रेवा अशी नावं आवडतात. ह्यांना सिंचना, सौजन्या, राजेश्वरी, इंचरा. इंचरा म्हणजे पाखरांचा गोड आवाज, अर्थ सुंदर आहे, पण ते नाव माझ्या तोंडात बसत नाही. मी ओवी म्हटलं की हे म्हणतात, हे घरातलं नाव झालं, कागदावरचं सांग. ह्यांनी राजेश्वरी म्हटलं की मला मांडीवरच्या बाळाकडे बघून ते म्हणवतच नाही.

त्यात सासूबाईंनी सौंदत्तीच्या यल्लम्माला बोललेलं आहे, देवीचं नाव ठेवीन म्हणून. नणंद आत्या म्हणून पाळण्यात नाव ठेवणार, तिच्या मनात आराध्या आहे. भटजींनी हस्त नक्षत्र सांगून पू, ष, ण, ठ ही अक्षरं दिली आहेत. ष, ण, ठ वरून मुलीचं नाव कुठून आणायचं?

तुमच्याकडे दोघांच्या आवडी वेगळ्या असताना नाव कसं ठरलं ते सांगा. नुसत्या याद्या नकोत, याद्या आमच्याकडे पुष्कळ झाल्या आहेत.

वेदगंगा_निपाणी

अभिनंदन ताई! अक्षरांचं एवढं मनावर घेऊ नका. नक्षत्राच्या चरणावरून येतं ते जन्मनाव. पत्रिकेत आणि संकल्पात तेच लागतं, म्हणून ते वेगळं ठेवायची पद्धत आहेच. आमच्या घरात सगळ्यांची जन्मनावं वेगळी आहेत आणि ती फक्त पंचांगात ठेवलेल्या कागदावर आहेत. हस्ताला पूर्णा, पूर्वा, पूजा असं काहीतरी ठेवून मोकळ्या व्हा आणि हाकेचं नाव निवांत शोधा. अक्षर पाळायचंच असेल तर हस्त म्हणजे कन्या रास. नुसतं राशीवरून बघणारे कन्येला प, ठ, ण धरतात, म्हणजे प ची सगळी नावं तुम्हाला मोकळी झाली.

टिळकवाडी_काकू

बाळ बाळंतीण सुखरूप, हे वाचून फार बरं वाटलं.

तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्हाला काय आवडतं हे त्यात आहे, का आवडतं ते नाही. यजमानांचंही तसंच. "लहान नाव आवडतं" म्हणजे काय? उच्चारायला सोपं? की कुणी त्याचे तुकडे करू नयेत म्हणून? की सध्या कानावर पडतं म्हणून? "भारदस्त" म्हणजे तरी काय? अर्थ मोठा, की अक्षरं जास्त, की देवाचं नाव?

माझ्या धाकट्या जावेकडे हाच प्रसंग होता. दीर म्हणायचे जुनं नाव हवं, ती म्हणायची नवं हवं. दोन्हीकडून याद्या निघत आणि दुसरा त्यावर काट मारी. शेवटी सासऱ्यांनी दोघांना समोर बसवलं आणि विचारलं, की तुम्हाला नको असलेलं एकेक नाव घ्या आणि ते का नको ते सांगा. तेव्हा कळलं की दिरांना नव्या नावांचा राग नव्हताच. एका वर्गात चार मुलींचं एकच नाव असतं, ते त्यांना नको होतं. मग अर्ध्या तासात मार्ग निघाला. हवं ते नाव सांगताना माणूस फक्त आवड सांगतो. नको ते सांगताना कारण आपोआप बाहेर येतं. आज रात्री बाळ झोपलं की एवढं करून बघा.

एक नाव सुचवल्याशिवाय राहवत नाही: इंदिरा. कवयित्री इंदिरा संत आपल्या बेळगावातच राहिल्या, इथेच त्यांनी शिकवलं आणि लिहिलं. ह्या गावातल्या मुलीला ते नाव शोभेल. कानडीतही जसंच्या तसं चालतं.

गडहिंग्लजकर

मी स्पष्टच लिहितो, राग मानू नका. सीमाभागात आपल्या पोरांचं शिक्षण मराठीत होईल की नाही ह्याची खात्री राहिलेली नाही. कचेरीत अर्ज कानडीत, पाट्या कानडीत. मराठी नाव तेवढं आपल्या हातात उरलेलं आहे. ते कोणी हिरावून घेत नाही, मग ते आपणच का सोडायचं? ओवी इतकं मराठमोळं नाव दुसरं नाही. ओवीच ठेवा. यजमानांना समजावून सांगा.

बैलहोंगलची_सून

दादा, तुमची कळकळ समजते. बेळगावच्या मराठी शाळांबद्दल माझ्या सासऱ्यांना वाटतं तेच तुम्हाला वाटतंय. पण इथे बाळाचे वडीलही आहेत आणि त्यांच्या आईची भाषा कानडी आहे. आपल्या नातीला हाक मारताना त्यांना आपल्या भाषेतलं नाव तोंडात यावंसं वाटलं तर त्यात वाईट काय?

मी उलट बाजूची आहे. माहेर बैलहोंगलकडचं, लिंगायत, कानडी. लग्न मराठी घरात. आमच्या भागात मुलींची नावं कशी असतात ते सांगते. चन्नम्मा, गंगव्वा, नीलव्वा, महादेवी. कित्तूरच्या राणी चन्नम्मा काकतीच्या, म्हणजे बेळगावच्या अगदी उशाशी. १८२४ साली त्यांनी इंग्रजांशी लढाई दिली आणि १८२९ साली बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असताना त्या गेल्या. आमच्या घरात ते नाव पिढीत एकीला तरी असतंच. माझ्या मुलीला ठेवायचं म्हटलं तेव्हा नवऱ्याला संकोच वाटला. शाळेत चिडवतील म्हणाला. मला त्याचं वाईट वाटलं, हे मी त्याला सरळ सांगितलं. मग आम्ही नीला ठेवलं. बसवण्णांच्या पत्नी नीलांबिका, माझ्या आजीचं नाव नीलव्वा, आणि नवऱ्याच्या कानाला ते शुद्ध मराठी लागतं. माझी आई तिला नीलव्वाच म्हणते, सासूबाई नीलूबाई म्हणतात, आणि पोर दोन्हीला ओ देते.

तुमच्या सासूबाई नातीला काय हाक मारणार आहेत हे त्यांनाच विचारा ताई. नाव कोणतंही ठेवा, गोकाकात त्याला अव्वा लागणार आहे. ओवव्वा म्हणून बघा बरं. रेवव्वा म्हणून बघा.

खानापूरची_लेक

ओवव्वा म्हणून बघितलं. खरंच नाही जमत.

काकू, तुम्ही सांगितलेलं आज रात्री करते.

येळ्ळूर_गुरुजी

मराठी शाळेत जन्म गेला, हजेरीपटावर पुष्कळ नावं लिहिली आणि हाकारली. त्या अनुभवातून काही सांगतो.

सीमाभागातलं नाव दोन लिप्यांत लिहिलं जातं आणि दोन तऱ्हेच्या तोंडांतून जातं. म्हणून ते आधी दोन्हीकडे मोठ्यानं म्हणून बघावं. ऋ ची चिंता नको. हिंदीवाले रि म्हणतात, पण मराठी आणि कानडी दोघेही रु म्हणतात, त्यामुळे मृण्मयी, कृपा ही नावं दोन्हीकडे सारखी ऐकू येतात. ज्ञ ला मात्र सांभाळा. आपण प्रज्ञा म्हणताना द्न्य म्हणतो, कानडीत ते ग्न कडे झुकतं. जाई आणि जुईतला आपला ज कानडीत वेगळा लिहायची सोय नाही, तो जयमधला ज होतो. सई हे नाव गोड, पण कानडीत सै म्हणजे बरं, ठीक आहे. आजोबा तिला बोलावताहेत की कशाला होकार देताहेत, हे घरात रोजचं होईल. पायल, काजल अशी नावं खेड्यातल्या कानडी तोंडात उकार घेऊन येतात, पायलु, काजलु. ळ मात्र दोन्ही भाषांचा लाडका, तिथे अडचण नाही.

आता ओवीबद्दल. गडहिंग्लजकर म्हणतात ते खरं, ज्ञानदेवांनी ओवीतच लिहिलं आणि बायांनी जात्यावर ओवीच गायली. पण जातं काही एकट्या मराठीचं नव्हतं. कानडी मुलुखातही बायका दळताना गात होत्या, त्याला ते बीसुकल्लिन पद म्हणतात, आणि ती गाणी त्रिपदीत असतात, तीन ओळींची. भाऊ येणार म्हणून, माहेरचा रस्ता दिसतो म्हणून, यल्लम्माचं नाव घेऊन. माझी आई येळ्ळूरची, तिच्या ओव्यांत आणि आमच्याकडे सुगीला येणाऱ्या कानडी बायांच्या पदांत मला लहानपणी सुरावरून फरक कळत नसे. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या बाईला ती पदं येत असणार. त्यांना एकदा म्हणायला सांगा. ओवी ठेवा न ठेवा, पण ते ऐकून ठेवा, कुणाकडे तरी राहायला हवं.

शहापूर_मागवाला

एवढं काय शोधूलालासा ओ ताई? तुम्ही मलप्रभेकडच्या, साहेब घटप्रभेकडचे. प्रभा ठेवा की. प पण आलाच.

कॅम्पातला_रहिवासी

नावाचं तुम्ही दोघं बघा. मी कागदाचं सांगतो, कारण लोक इथे उगाच घाबरून घाई करतात.

जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते, पण त्यासाठी नाव ठरलेलं असावं लागत नाही. बाळाच्या नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्यात ही सोय पहिल्यापासून आहे. रुग्णालयातून "आत्ताच नाव सांगा" म्हणून घाई झाली तरी नाव ठरलं नसेल तर सरळ सांगा की नंतर घालू.

मात्र एकदा घातलेलं नाव बदलायला फार त्रास होतो. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आहे. त्या तारखेपासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, पासपोर्ट ह्या सगळ्याला जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं असलं तरी निभावून जायचं, आता पहिला कागद तोच शेवटपर्यंत चालणार. म्हणून बारशाला एक नाव आणि दाखल्याला दुसरं असा गोंधळ करायचा असेल तर तो ठरवून करा.

आपल्याकडचा दाखला कानडी आणि इंग्रजीत मिळतो. देवनागरी त्यात नसते. मराठीत तुम्ही कसं लिहिता हे तिथे कोणी बघत नाही, म्हणून अर्जावर दोन्ही लिप्यांतलं नाव स्वतः नीट अक्षरात लिहून द्या.

चिकोडी_जैन

आमच्यात वाद थोडा वेगळा होता. मला आगमातलं नाव हवं होतं, मंडळींना अगदी नवं, कोणी न ऐकलेलं. आम्ही ब्राह्मी ठेवलं. ऋषभदेवांनी आपल्या ज्या लेकीला लिपी शिकवली तिचं नाव. माझ्यासाठी ते फार जुनं, मंडळींच्या ओळखीत त्या नावाचं कोणीच नाही, म्हणून तिच्यासाठी नवं. एकच नाव दोघांना दोन कारणांनी आवडू शकतं. तुमचं कारण दुसऱ्याला पटलंच पाहिजे असं नाही.

घरात चालवलेला नियम असा: दोघांपैकी एकानं नको म्हटलं की ते नाव गेलं. पुन्हा आणायचं नाही, आळवायचं नाही, सासूकडून निरोप पाठवायचा नाही.

पुण्यात_बेळगावकर

ह्या नियमाला दुजोरा. आमच्याकडे तो नव्हता आणि एकच नाव घोळवून घोळवून त्याचा दोघांनाही वीट आला.

प्रभा, इंदिरा ही नावं चांगली असली तरी फार मागच्या पिढीतली आहेत. मुलीच्या वर्गात आर्या, शनाया, कियारा असणार. तिला अवघडल्यासारखं होईल का, ह्याचा विचार करा.

टिळकवाडी_काकू

अहो, आमच्या वर्गात तीन प्रभा होत्या, दोन सुधा, चार शैला. तेव्हा तेच कियारा होतं. आता सबंध शाळेत एखादीच प्रभा असेल. मुलांना अवघडायला होतं ते आईबाप नाव सांगताना चाचरतात तेव्हा. माझ्या नातीचं नाव तिच्या पणजीचं आहे आणि ती ते कुणालाही खणखणीत सांगते, कारण ती पणजी कोण होती, तिनं विधवा झाल्यावर कसं घर चालवलं, हे तिला चौथीत असल्यापासून माहीत आहे.

गडहिंग्लजकर

बैलहोंगलच्या ताईंचं म्हणणं मी विचारात घेतलं. नातीला आजीच्या तोंडी काय शोभेल हा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता. मराठी नाव ठेवावं हे मत तसंच आहे, पण नीला, गंगा, रेणुका, गौरी ही नावं दोन्हीकडची आहेत आणि त्यात मराठीचं काही उणं होत नाही, हे मान्य.

येळ्ळूर_गुरुजी

शहापूरच्या मंडळींनी सहज लिहिलेल्या नावाकडे कुणी फारसं बघितलं नाही. मला ते रात्रभर आठवत राहिलं.

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. माउलीच्या देवळापाशी. खानापूर तालुक्यातली ती वाडी, सगळी मराठी माणसं. तिथून खानापुरावरून खाली उतरते आणि पुढे कानडी मुलुखात जाते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला तिच्यावर धरण आहे, त्या जलाशयाचं नाव रेणुकासागर. घटप्रभा महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतून येते, हिडकलला अडते, गोकाकच्या धबधब्यावरून उडी घेते. दोघीही बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला मिळतात. नकाशावर बघितलं तर आपला बेळगाव जिल्हा बराचसा ह्या दोघींनीच पोसलेला आहे. दोघींच्या नावात प्रभा आहे आणि ती आपण रोज उच्चारतो, पण मुलीचं नाव म्हणून आता कोणी घेत नाही.

ताई, नाव तुम्हीच ठरवा. एवढं माहीत असू द्या म्हणून लिहिलं.

शहापूर_मागवाला

गुरुजी, मी आपलं सुचलं ते लिवलं होतं. तुम्ही रेणुकासागर काढलासा, आता यल्लम्मापण आली की त्यात.

खानापूरची_लेक

सगळ्यांना मनापासून नमस्कार. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी सविस्तर लिहिलंत.

काकूंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही नको असलेल्या नावांपासून सुरुवात केली. ह्यांनी सई का नको ते सांगितलं, मी राजेश्वरी का नको ते सांगितलं. ह्यांचं कारण मला इतक्या दिवसांत कळलेलं नव्हतं. ह्यांच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, कागदावरचं नाव बेबी आहे. शाळेत घालताना सासऱ्यांनी घरातलं नावच सांगितलं आणि मास्तरांनी तेच लिहून घेतलं. आज ती वकील आहे. कोर्टात नाव पुकारलं की तिला आजही लाज वाटते, असं ती म्हणते. मुलगी मोठी होऊन कुठेही उभी राहिली तरी नाव तिच्या मागे भक्कम उभं राहिलं पाहिजे, एवढंच ह्यांना हवं होतं. लांबी म्हणजे भक्कम असं त्यांच्या डोक्यात बसलेलं होतं.

माझं कारण मी पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलं. माझं स्वतःचं नाव पाच अक्षरांचं आहे आणि कुणीही ते कधी पूर्ण घेतलं नाही. माहेरी वेगळा तुकडा, कॉलेजात वेगळा, सासरी तिसराच. मला माझ्या मुलीचं नाव मोडलेलं नको होतं. लहान नाव म्हणजे मोडणार नाही, एवढंच.

म्हणजे आम्हाला भारदस्त आणि न मोडणारं, दोन्ही एकाच नावात हवं होतं आणि आम्ही सिंचना की ओवी एवढ्यावरच भांडत होतो.

मग ह्यांनी धागा स्वतः वाचला. खाली येत येत शहापूरकरांच्या ओळीवर थांबले आणि म्हणाले, प्रभा. पुन्हा म्हणाले, प्रभा. जोडाक्षरानं सुरू होतं म्हणून त्याला वजन आहे, असं त्यांचं म्हणणं. मला आधी पटलं नाही. मला ते नाव कॅलेंडरमागच्या पाककृतींखाली छापलेलं असतं तसं वाटलं. मी नियमाप्रमाणे "नको" म्हणू शकले असते आणि ते तिथेच संपलं असतं. ह्यांनी आळवलं नाही, निरोप पाठवला नाही. पण दोन दिवस मी बाळाला आंघोळ घालताना मनातल्या मनात तेच म्हणत होते आणि ते माझ्या तोंडात बसत गेलं. गुरुजींनी कणकुंबीबद्दल लिहिलं तेव्हा तर वाटलं, लहानपणी आम्ही मलप्रभेच्या पुलावर उभं राहून पाणी किती चढलं ते बघायचो, त्या नदीचं नाव मी माझ्या मुलीला का नाकारते आहे?

सासूबाईंकडे गेलो. गुरुजी, तुमचं खरं निघालं, त्यांना जात्यावरची पदं येतात. मी विचारल्यावर आधी लाजल्या, मग बाळाला मांडीवर घेऊन म्हणायला लागल्या. मला सगळे शब्द कळले नाहीत. हे कळलं की एका पदात मुलगी माहेरच्या वाटेकडे बघते आहे आणि तिला यल्लम्माचा डोंगर दिसतो. ह्यांनी फोनवर ते सगळं ध्वनिमुद्रित करून घेतलं. ह्यांनी स्वतःच्या आईची ही गाणी ह्याआधी कधी ऐकली नव्हती.

प्रभव्वा म्हणून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, झकास. पण देवीला बोललेलं आहे त्याचं काय? तेवढं एक राहिलंय. कानात दोन नावं सांगितली तर चालतात का?

बैलहोंगलची_सून

प्रभव्वा! किती छान वाटतं ऐकायला.

कानात दोन काय, पाच सांगतात. आमच्याकडे देवाचं, कुळातल्या मोठ्या बाईचं, नक्षत्राचं, अशी सगळी सांगून शेवटी हाकेचं सांगतात. देवीला बोललेलं असेल तर तिचं नाव पहिलं घ्या. आणि यल्लम्मा म्हणजे रेणुकाच, तेव्हा रेणुका म्हणून सांगितलंत तरी बोललेलं फिटतं. बाळाला घेऊन एकदा सौंदत्तीला जाऊन या म्हणजे सासूबाईंच्या मनाला पूर्ण समाधान.

टिळकवाडी_काकू

चालतं, अगदी चालतं. पाळण्याखालून आणि वरून बाळ देताना "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं की आत्या कानाशी वाकते आणि कुर्र करते. तेव्हा पहिलं रेणुका, मग नक्षत्राचं पूर्णा, मग मोठ्यानं प्रभा. नणंदबाईंना आराध्या हवं होतं ना? त्यांना आधी एकटीला गाठून प्रभा का, ते सांगा. स्वतःच्या नावाचा त्रास सोसलेली बाई आहे, तिला हे सगळ्यांच्या आधी पटेल. मान तिचा आहे, तिला ते नाव ऐनवेळी चिठ्ठीवर लिहून देऊ नका.

घुगऱ्या करताना गोकाकच्या पाहुण्यांना विचारून करा. त्यांच्याकडे गुग्गरीत काय घालतात ते घराघरात वेगळं असतं.

पुण्यात_बेळगावकर

मी जुनं नाव म्हणून शंका काढली होती. ही सगळी हकिकत वाचून वाटतं, मुलीला सांगायला केवढं आहे ह्या नावामागे. अभिनंदन.

वेदगंगा_निपाणी

एक व्यवहाराचं. कुणी ना कुणी प्रभाचं पबी, पभू करणारच, ते थांबवता येत नाही. पण घरातल्यांनी पहिलं वर्षभर पूर्ण नाव घेतलं तर बाहेरचेही बहुतेक तेच घेतात. आमच्या भाचीच्या बाबतीत हे बघितलंय.

खानापूरची_लेक

नणंदेशी बोलले. फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, वहिनी, पाळण्यात मीच ठेवणार, आणि मोठ्यानं ठेवणार. आराध्याचा विषय तिनं स्वतःच काढला नाही.

ठरलं तर मग. पाळण्यात रेणुका आणि पूर्णा, हाकेला आणि कागदावर प्रभा. ह्यांनी आज अर्ज भरायला घेतलाय.

कॅम्पातला_रहिवासी

फार छान. अर्जावर एक गोष्ट बघा. कानडीत लिहिताना शेवटचा आकार पुष्कळदा गळतो, गीताचं गीत होतं तसं प्रभाचं प्रभ होईल. भ ला दीर्घ आकार स्पष्ट दिसेल असा लिहा. इंग्रजीत बी नंतर एच आणि शेवटी एकच ए. दाखला हातात आला की खिडकीपाशीच दोन्ही ओळी वाचा, चूक असेल तर तिथल्या तिथे सांगा.

खानापूरची_लेक

आकार लिहिला, यजमानांनी दोनदा तपासला. दाखला आला की कळवते. बारशाला बेळगावात असाल ते सगळे या.